पाणी उडालं? मग डब्यातून गेलं कुठे?

फ्रिजमधला कालचा भात ताटात वाढला की शितं टोचतात. मावशीचं उत्तर ठरलेलं: "अगं, पाणी उडालं त्यातलं, वाळला." डब्याचं झाकण इतकं घट्ट, की उघडताना नख मोडतं. मग पाणी गेलं कुठे? "फ्रिज ओढून घेतो." कालच्या पावाबद्दलही हेच ऐकायला मिळतं, आणि तेही चांगल्या शिकलेल्या माणसांकडून.

हे भांडण खरं तर १८५२ सालीच मिटायला हवं होतं. बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाव हवाबंद ठेवला, पाणी बाहेर जाऊच दिलं नाही. पाव तरीही शिळा झाला. तोच पाव साठेक अंशांपर्यंत गरम केला, तर पुन्हा मऊ पडला. वाळलेली वस्तू नुसत्या उष्णतेने मऊ होत नाही. पापड तापवून बघा!

घडतं ते असं. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली रचना मोडते. निवल्यावर स्टार्चच्या दोन घटकांपैकी अमायलोज काही तासांतच घट्ट होतं आणि अमायलोपेक्टिन पुढचे काही दिवस सावकाश पुन्हा रांगेत बसून स्फटिक बनवतं. कडकपणा येतो तो या रांगांमुळे.

डब्यात न डोकावता हे दिसतं कसं? केंद्रकीय (न्यूक्लिअर) चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे एनएमआरने. ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६मध्ये दाखवलेल्या या तंत्राला १९५२चं नोबेल मिळालं. पावाचा मऊ भाग बोटभर काचेच्या नळीत दाबून भरतात, बूच लावतात आणि नळी चुंबकात सोडतात. रेडिओलहरींचा झटका दिला की हायड्रोजनची केंद्रकं संकेत देतात. तो किती लवकर विझतो यावरून ते रेणू किती मोकळे आहेत ते कळतं. पेल्यातल्या पाण्याचा संकेत दोन-तीन सेकंद रेंगाळतो. पावातल्या पाण्याचा काही मिलिसेकंदांत संपतो आणि स्टार्चच्या ताठ भागाचा काही मायक्रोसेकंदांतच. आता तीच बंद नळी रोज मोजा. वजन तेवढंच, पाणी तेवढंच, पण झटकन विझणारा हिस्सा दिवसागणिक वाढत जातो. पाणी आहे तिथेच आहे, त्याची मोकळीक तेवढी कमी झाली.

उघड्यावर ठेवलेला पाव वाळतोच, ते कुणी नाकारत नाही. पण पिशवीत बांधलेल्या पावाची खरपूस साल दुसऱ्या दिवशी मऊ, चिवट का होते? आतलं पाणी सालीकडे सरकतं म्हणून. 'पाणी उडालं'वाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

काही किरकोळ समज. फ्रिजमध्ये पाव ताजा राहतो: बुरशी उशिरा येते खरी, पण शून्याच्या थोडं वरच्या तापमानालाच स्टार्च सर्वांत वेगाने रांगेत बसतो. फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, हे जवळजवळ थांबतं. भात मात्र फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस वाढतो, आणि त्याचं विष नंतर गरम करूनही जात नाही. मोकळीक गमावलेलं 'बांधलेलं पाणी' स्टार्चला कायमचं चिकटलेलं असतं: नाही, ते रेणू सेकंदाच्या अब्जांशाहून कमी वेळात जागा बदलतात. थंड भाताने साखर वाढत नाही: थोडा स्टार्च न पचणारा होतो, बाकीचा नेहमीसारखाच पचतो. एनएमआरमधलं 'न्यूक्लिअर' म्हणजे किरणोत्सर्ग: इथे त्याचा अर्थ फक्त अणूचं केंद्रक. लोक घाबरतात म्हणून रुग्णालयांनी एमआरआयमधून तो शब्द गाळला.

हे सगळं मावशीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भातावर पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवून वाफ आणली. शितं पुन्हा मऊ. मी सांगत होते, की स्टार्चची रांग उष्णतेने मोडली, हबक्यामुळे फक्त वाफ धरली आणि भात करपला नाही.

"बघ," मावशी म्हणाली, "पाणी परत घातलं, झाला की नाही मऊ?"