रायपूरचा नरेन, मंडल्याचा रझा आणि फ्रेंच बोलणारी इतर मंडळी

रायपूरला विमानानं उतरलात की पहिलं नाव भेटतं स्वामी विवेकानंदांचं. विमानतळ त्यांच्या नावाचा, बूढा तालाबातला भव्य पुतळाही त्यांचाच. 1877 मध्ये वडिलांच्या कामामुळे चौदा वर्षांचा नरेन इथं आला, शेवटचा लांबलचक टप्पा बैलगाडीनं. दोनेक वर्षं राहिला. एवढं तर रायपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. याच नरेनला पुढं फ्रेंच बोलावं लागलं, आणि तेही ओरिएंट एक्सप्रेसच्या डब्यात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

झालं असं. 1900 मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या जोडीनं धर्मेतिहासाची परिषद होती. स्वामीजी तिला गेले आणि तिथं ज्यूल ब्वा या लेखकाकडे उतरले. ऑक्टोबरअखेर मंडळी ओरिएंट एक्सप्रेसनं कॉन्स्टँटिनोपलकडे निघाली. सोबत हे ब्वा, माजी पाद्री पेर यासँत आणि ‘कारमेन’ गाजवणारी ऑपेरा गायिका एमा काल्व्हे. बरोबरच्या आणखी दोघी बायका सोडल्या तर कुणालाच इंग्रजी येईना! शिकागोत इंग्रजीवर सभा जिंकलेल्या माणसाला मग कशीबशी फ्रेंच बोलत आणि ऐकत प्रवास रेटावा लागला. आपल्या बंगाली प्रवासवर्णनात त्यांनी हे स्वतःच लिहिलंय. भाषा शिकायला याहून चांगला वर्ग कुठला?

रायपूरचेच हबीब तन्वीर. 1923 चा जन्म, कॉलेज मात्र नागपूरचं मॉरिस. ‘चरणदास चोर’मुळे ते जगाला माहीत झाले, पण फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 1670 च्या नाटकावरून त्यांनी ‘लाला शोहरत राय’ही केलं. पैसा आला, आता खानदानी व्हायचंय, म्हणून नाच, गाणं, तलवारबाजी सगळ्यांच्या शिकवण्या लावणारा नवश्रीमंत. असा लाला सदर बाजारात शोधायला फार हिंडावं लागणार नाही.

छत्तीसगडच्या सीमेला लागून मंडला जिल्हा. तिथल्या बाबरिया गावी 1922 मध्ये सय्यद हैदर रझा जन्मले. आधी नागपूरची कलाशाळा, मग मुंबईचं जेजे. काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. चित्रं पाहून त्यानं सांगितलं, रंग छान आहेत पण बांधणी कच्ची आहे, चित्रकार सेझानचा अभ्यास कर. रझांनी हा सल्ला फारच मनावर घेतला. 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि मुक्काम पडला जवळपास साठ वर्षं. 1956 मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळवला, चित्रकार जानीन मोंजिलाशी लग्न केलं. दफन मात्र मंडल्यातच, वडिलांच्या शेजारी.

जे. आर. डी. टाटांची तर पहिली भाषाच फ्रेंच! आई फ्रेंच, सुझान ब्रिएर; जेआरडींचा जन्म 1904 चा, पॅरिसचा. गंमत अशी की त्याच सुमारास टाटांची माणसं पोलादासाठी खनिज शोधत आपल्या दुर्ग जिल्ह्यात भटकत होती. नागपूरच्या संग्रहालयातला भूगर्भाचा नकाशा बघून दोराबजी इकडे वळले होते. कारखाना झाला साकचीला, दल्ली-राजहराचं लोखंड पुढं भिलाईनं वापरलं.

उलट्या दिशेनं आलेलेही आहेत. गी दलरी या फ्रेंच जेझुइटानं 1956 मध्ये तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, पंढरीच्या वारीवर ग्रंथ लिहिला. गी प्वातव्हँ यांनी हेमा राईरकरांच्या साथीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजारोंनी. आपल्या आजीच्या चार ओव्या तरी आपल्याला पाठ आहेत का, हा प्रश्न इथं मुकाट्यानं गिळावा.

आणि सगळ्यांत झकास किस्सा महादजी शिंद्यांच्या सेनापतीचा. सव्हॉय प्रांतातला बन्वा द ब्वान्य. त्यानं शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या केल्या, 1790 मध्ये पाटण आणि मेडता या लढाया जिंकून दिल्या, अमाप संपत्ती घेऊन मायदेशी गेला आणि शाँबेरी या आपल्या गावाला सढळ हातानं दान केलं. गावानं 1838 मध्ये त्याच्या सन्मानार्थ कारंजं उभारलं. चार दिशांना चार हत्ती, सोंडेतून पाणी. पण हत्ती फक्त पुढच्या अर्ध्या अंगाचे, मागचा भाग खांबातच गडप. तिथले लोक त्या कारंज्याला सरळ ‘बिनढुंगणाचे चौघे’ म्हणतात.