कापलेले बोट आणि परसातला पाला

भारतीय स्वयंपाकघरात बोट कापणे ही इतकी नित्याची घटना आहे की तिची दखल घेण्याची कोणाला गरज वाटत नाही. महाराष्ट्रातील विळी असो वा बंगालमधील बोटी, जमिनीवर बसून चिरण्याच्या या साधनांत पाते स्थिर असते आणि हात पात्याकडे जातो. साहजिकच अंगठा व तर्जनी यांना वरचेवर चिरा पडतात. औषधांची पेटी पुष्कळ घरांत नसते. उपाय मात्र प्रत्येक घरात असतो.

हा उपाय प्रांतागणिक बदलतो. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर उगवणारी एकदांडी, जिला काही भागांत दगडी पाला म्हणतात, तळहातावर चुरगाळून तिचा रस जखमेवर पिळला जातो. बंगालमध्ये झेंडूच्या पानांचा रस लावतात किंवा दूर्वा ठेचून बांधतात. केरळात ज्या झुडपाचा पाला वापरतात, त्याला ‘कम्युनिस्ट पच्चा’ असे मौजेचे नाव आहे. पच्चा म्हणजे हिरवे. हे झुडूप आणि तो पक्ष त्या प्रदेशात एकाच सुमारास फैलावले, असे या नावाचे कारण सांगितले जाते.

असे उपाय अनादि काळापासून चालत आले आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः एकदांडी, झेंडू आणि केरळातील ते झुडूप या तिन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील होत. १४९२ साली कोलंबस तेथे पोहोचला, त्यापूर्वी त्या भारतात नव्हत्या. तेव्हा प्राचीनत्वाचा आधार येथे घेता येत नाही. परक्या मुलखातून आलेले तण हाताशी धरून त्याचा गुण पारखून पाहणारी जिज्ञासा मात्र यात दिसते, आणि ती अधिक कौतुकास्पद म्हटली पाहिजे.

परंतु गुण नेमका कशाचा? या पाल्यांच्या अर्कांवर प्रयोगशाळेत जे प्रयोग झाले, त्यांपैकी काहींत रक्त गोठण्यास मदत होत असल्याचे आढळले. तथापि पाला लावण्याची क्रिया बारकाईने पाहिली, तर दुसरीच गोष्ट ध्यानात येते. चोळामोळा केलेला पाला जखमेवर ठेवून बोट मुठीत घट्ट आवळले जाते आणि काही मिनिटे तसेच धरले जाते. रक्तवाहिनी कापली गेली की ती आकुंचन पावते, रक्तातील चपट्या पेशी तेथे गोळा होतात आणि तंतूंचे जाळे विणले जाऊन छिद्र बुजते. या कामाला अवधी हवा असतो, आणि तो दाबामुळे मिळतो. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे, मधून मधून उघडून न पाहता, बोट दाबून धरले व हात वर उचलून ठेवला, तर पाल्यावाचूनही रक्त बहुधा थांबते. श्रेय पाल्याला मिळते. काम बरेचसे मुठीने केलेले असते.

हळदीची कथा अधिक गाजलेली आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे करून त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्या निर्णयाने हळदीचा हा वापर नवा नाही, एवढेच सिद्ध झाले. डब्यातील पूड उघड्या जखमेत भरणे निर्धोक आहे, असे त्यातून निष्पन्न होत नाही. हळदीतील द्रव्याचा जंतूंवर परिणाम होतो हे खरे. पण दळलेली, हाताळलेली पूड निर्जंतुक नसते, आणि रंग खुलावा म्हणून तीत शिसेयुक्त द्रव्य मिसळल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. वाहते पाणी आणि साबण यांनी आसपासची कातडी व जखम धुणे हा साधा उपाय हळदीपेक्षा भरवशाचा आहे. त्याला आजीबाईच्या बटव्यातील औषधाची प्रतिष्ठा नाही, इतकेच.

खरी भीती आहे ती मातीची. शेतात विळा लागला की चिमूटभर माती, राख किंवा शेण लावून पुन्हा कामाला लागण्याची रीत अनेक प्रांतांत होती व अजून पुरती गेलेली नाही. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेण यांतच बीजरूपाने दीर्घकाळ तग धरतात. कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली बर्लिन येथे हे जंतू वेगळे काढून वाढवले. त्यांना हवा मानवत नाही. म्हणून पसरट खरचटण्यापेक्षा काट्याची किंवा खिळ्याची अरुंद, खोल जखम त्यांना अधिक सोयीची. जखम भरून आली असे वाटत असतानाच, बहुधा आठवडाभरानंतर, जबडा आखडू लागतो. माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. परंतु बालपणी घेतलेल्या लसीचा प्रभाव कालांतराने ओसरतो आणि प्रौढ माणसाला त्याचे स्मरण राहत नाही. मळलेली जखम झाली आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर कोणताही लेप तिची जागा घेऊ शकत नाही.

भाजलेल्या बोटाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तूप, शाई आणि दंतमंजन यांनी आतील उष्णता निघत नाही. नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा, सूज चढण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात, फोड फोडू नये.

घरगुती उपचारांची मर्यादा हातात फार लवकर येते, कारण बोटांत मांस थोडे आणि स्नायुबंध व मज्जातंतू कातडीच्या अगदी निकट असतात. चीर लहान दिसली तरी बोटाचे पेर वाकत नसेल, किंवा जखमेपलीकडील भाग बधिर झाला असेल, तर आतील दोरी तुटलेली असू शकते. ती वेळीच शिवली नाही तर बोट कायमचे ताठ राहण्याचा संभव असतो. नखुरडे झालेल्या बोटावर लिंबाची टोपी चढवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तिने बोटाला धक्का लागत नाही, हा फायदा निर्विवाद होय. आरंभी कोमट पाण्यात बोट बुडवून ठेवल्यानेही आराम पडतो. मात्र पू धरून बोट ठणकू लागले आणि रात्रीची झोप लागेनाशी झाली, की लिंबू काढून ठेवून डॉक्टरांकडून पुवाला वाट करून घ्यावी लागते.