दहा मिनिटांचे यंत्र आणि आपल्या वावरातली माती



परवा तुमसरकडचे एक सभासद शेतकी कचेरीत आले. म्हणाले, "सायेब, आता म्हणे पेटीत नमुना टाकला का दहा मिनिटांत निघते. मंग आमच्या मातीच्या रिपोटले इतके दिवस कायले लागते?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहोत.

या यंत्रातील लहरी शहरच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह पेटीतल्याच. चुलीवर आधी भांडे तापते, मग आतले पाणी. इथे लहरी सेकंदाला सुमारे 245 कोटी हेलकावे घेतात. पाण्याचे कण त्यांच्याबरोबर वळू पाहतात आणि उष्णता थेट आतच तयार होते. 1975 साली अमेरिकेतील संशोधकांनी जैविक नमुने आम्लात विरघळवण्यासाठी ही युक्ती वापरली. 1986 साली हंगेरीतील संशोधकांनी माती, बियाणे व खाद्य यांतील द्रव्ये द्रावणात ओढून काढण्यासाठी ती वापरली. मातीतील औषधांचे अंश काढायला जुन्या सॉक्सलेट उपकरणात 16 ते 24 तास लागत. तेच काम आता 10 ते 20 मिनिटांत होते. अर्थात वाळवणे, दळणे, गाळणे व मोजणे यांना वेळ लागतोच. आणि घरच्या पेटीत आम्ल घालून असला प्रयोग कोणी करू नये, जिवावर बेतेल.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. तापत्या आम्लात मातीतले बहुतेक जस्त बाहेर येते. उसाच्या मुळाला मात्र त्यातला थोडाच भाग मिळतो. म्हणून उपलब्ध जस्तासाठी 10 ग्रॅम माती डीटीपीए नावाच्या सौम्य द्रावणात 2 तास हलवतात. तिथे घाई कामाची नाही. जास्त निघाले म्हणजे खरे निघाले, असे नव्हे.

आणि नमुनाच खोटा असेल तर? दोन वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत नव्याने ऊस लावणाऱ्या एका सभासदाची माती आम्ही स्वतः गोळा केली, तीही जस्ती बादलीत. रिपोर्टात जस्त भरपूर आले. आम्ही म्हटले, झिंक सल्फेट नको. पुढे पाने पिवळट पट्ट्यांची झाली, ऊस खुरटला. प्रयोगशाळेचा दोष नव्हता. बादलीचे जस्त आम्ही मातीचे म्हणून मोजून घेतले. नुकसान मात्र त्या सभासदाचे झाले, याची खंत आजही आहे.

एका एकराच्या वरच्या वीतभर थरात हजार टनांहून जास्त माती भरते. तपासणीत जाते ती चिमूटभर. तेव्हा एवढे कराच:

धान निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी नमुना घ्यावा. धुऱ्याजवळची, झाडाखालची व शेणखताच्या ढिगाजवळची माती टाळावी. वावरात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करावा. फावड्याचा स्पर्श झालेली बाजू लाकडी पट्टीने खरवडून टाकावी व मगच माती घ्यावी. माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. युरियाच्या रिकाम्या पोत्यात आणलेली माती आम्ही यापुढे घेणार नाही, राग मानू नये.

यंत्र दहा मिनिटांचे असो की दोन तासांचे, आपण जे देऊ तेच ते सांगणार. नमुन्याच्या दिवशी आवाज द्या, आम्ही वावरात येऊ. या खेपेस घमेले प्लास्टिकचे असेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग