नागझिऱ्याच्या गोष्टीला पंचवीस वर्षं लागली

नागपूरहून भंडारा, साकोली ओलांडून नागझिऱ्याला मुक्कामी गेलेली मंडळी रात्री भुताच्या गोष्टी काढतात, यात नवल नाही. १९९३ साली तिथे एका मित्राने राही अनिल बर्वे नावाच्या मुलाला अशीच एक गोष्ट ऐकवली आणि तो पुरता हादरला. गोष्ट नारायण धारपांची होती, ‘आजी’. धारपांनी ती स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून बेतली होती. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यामार्गे विदर्भाच्या जंगलात पोचली आणि तिथून कोकणातल्या वाड्यात साखळदंडाने जखडली गेली. या गोष्टीतून त्या मुलाने केलेला ‘तुंबाड’ हा सिनेमा चित्रपटगृहांत लागला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी.

मधली पंचवीस वर्षं कुठे गेली, हे समजून घ्यायचं तर आधी भयपटाचा हिशेब पाहावा लागतो. थोड्या पैशांत होणारा सिनेमा अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. ब्रिटनमध्ये टेरेन्स फिशर हा दिग्दर्शक आधी जहाजावर नोकरीला होता, मग संकलक झाला आणि चाळिशी उलटल्यावर दिग्दर्शनाकडे वळला. हॅमर या छोट्या कंपनीने त्याच्याकडून १९५७ साली ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९५८ साली ‘ड्रॅक्युला’ करून घेतले. थेम्सच्या काठी ब्रे इथे एक जुनी हवेली, तिच्या आवारातच स्टुडिओ. ‘ड्रॅक्युला’चे सेट थोडे फिरवून लगेच पुढच्या चित्रपटाला लावले. माणसंही तीच. फिशरला दर वेळी शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

आपल्याकडे हे गणित रामसे बंधूंनी जमवलं. कराचीहून मुंबईत आलेलं, रेडिओचं दुकान चालवणारं सिंधी कुटुंब. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला, साडेतीन लाखांत आणि चाळीसेक दिवसांत उरकला, असं सांगतात. सात भावांत दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन वाटून घेतलेलं, घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक बघायच्या. कमाई यायची ती महानगरांपेक्षा छोट्या गावांतून. व्यापारी ज्याला आजही ‘सीपी-बेरार’ म्हणतात, त्या आपल्या सर्किटसारख्या भागांतून. ‘पुराना मंदिर’ला (१९८४) तेव्हा नाकं मुरडणारे बरेच होते. नाकं मुरडून तिकीट काढणारेही कमी नसावेत.

बर्व्यांकडे ना हॅमरसारखी कंपनी, ना रामसेंसारखं सात भावांचं घर. वारसा होता तो लेखणीचा. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणारे अनिल बर्वे हे त्यांचे वडील. ‘तुंबाड’चा पहिला खर्डा राहींनी १९९७ साली, विशीच्या आतच लिहिला. मग ‘मांजा’ हा लघुपट केला. तो डॅनी बॉयलला इतका भावला की ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ब्लू-रे डिस्कवर त्याला जागा मिळाली. शाबासकी मिळाली, पण पैसे उभे राहिले नाहीत. सातशे पानांचा स्टोरीबोर्ड तयार असताना निर्माते आले आणि गेले. अखेर सोहम शाहने निर्मिती अंगावर घेतली, नायक विनायकची भूमिकाही केली. २०१२ साली चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही, म्हणून पुन्हा लिहून पुन्हा चित्रित केलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं.

बजेट तुटपुंजं असताना चित्रपट श्रीमंत दिसतो, याचं कारण या खोळंब्यातच आहे. पडद्यावर सतत पाऊस आहे आणि त्यासाठी खऱ्या पावसाळ्यांची वाट पाहिली गेली. सासवडचा जुना वाडा आहे. पंकज कुमारचा कॅमेरा कंदिलाच्या उजेडाएवढंच दाखवतो, बाकीचं आपण घाबरत घाबरत भरून काढतो. हस्तर या भुकेल्या दैत्याला भुलवायला लागते काय, तर कणकेची बाहुली! भेसूर आजीचं काम मोहम्मद समद या पोराने मेकअपच्या थराखाली केलं, विनायकचा मुलगाही तोच. यातलं काहीच फार महाग नाही, पण यातलं काहीही घाईत जमत नाही. रामसेंनी पैसा वाचवला तो वेळ वाचवून. बर्व्यांनी पैशाची उणीव वेळ ओतून भरून काढली आणि म्हणूनच मला ‘तुंबाड’ वरचढ वाटतो. मात्र ही किंमत एका माणसाच्या ऐन उमेदीच्या वर्षांची होती, हे कौतुक करताना आपण सोयीस्कर विसरतो.

व्हेनिसच्या महोत्सवात २०१८ साली समीक्षक विभागाचा पडदा ‘तुंबाड’ने उघडला. पुढे छायाचित्रण, कला आणि ध्वनी यांसाठी फिल्मफेअर मिळालं. तिकीटबारी मात्र तेव्हा बेताचीच होती. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला आणि या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. लगोलग दुसऱ्या भागाची घोषणा झाली. बर्व्यांनी सोहम शाह आणि ‘तुंबाड’चे सहलेखक आदेश प्रसाद यांना त्यासाठी जाहीर शुभेच्छा दिल्या आणि आपण ‘पहाडपांगिरा’ या वेगळ्या चित्रपटाकडे वळत असल्याचं सांगितलं. त्यालाही पंचवीस वर्षं लागली, तर तो दोष दिग्दर्शकाचा नसेल. लागेल तेव्हा पहिल्याच आठवड्यात जाऊन बघा, पुनर्प्रदर्शनाची वाट पाहू नका.