४.३ परावर्तित ध्वनीची दिशा आणि बोलींचे ध्वनिमुद्रण

प्रमाण मराठीतील ‘पाणी’ व ‘डोळा’ हे शब्द आगरी बोलीत ‘पानी’ व ‘डोला’ असे उच्चारले जातात. नवी मुंबईतील करावे, घणसोली यांसारख्या गावठाणांत ज्येष्ठ भाषकांचे ध्वनिमुद्रण करताना ‘ण’ आणि ‘न’ यांतील हा भेद स्पष्ट टिपला जाणे आवश्यक असते. परंतु काँक्रीटच्या खोलीत उघड्या भिंती आवाज परत फेकतात. आधीच्या स्वराचा परावर्तित अंश पुढील व्यंजनावर पडतो आणि भेद पुसट होतो.

हे परावर्तन कोणत्या भिंतीवरून येते, हे मायक्रोफोन-समूहाच्या साहाय्याने ठरवता येते. ध्वनी हवेत एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. दोन मायक्रोफोन १७ सेंटिमीटर अंतरावर ठेवले, तर अगदी बाजूने आलेला ध्वनी दुसऱ्यापर्यंत अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. थेट समोरून आलेला दोघांपर्यंत एकाच वेळी पोहोचतो. फरक पाव मिलिसेकंद असल्यास ध्वनी समोरच्या दिशेपासून ३० अंश कललेला असतो. मात्र समोरून व मागून, वरून व खालून येणाऱ्या ध्वनींसाठी हा फरक सारखाच असू शकतो. म्हणून एकाच प्रतलात नसलेले किमान चार मायक्रोफोन वापरतात.

आता भाषकाच्या जागी एक टाळी वाजवली असे समजू. थेट ध्वनी १ मीटर अंतर कापून येतो. भिंतीवरून येणारा ४.४ मीटर. म्हणजे परावर्तन १० मिलिसेकंदांनी मागाहून येते. टाळी अल्पकालीन असल्याने दोन्ही ध्वनी वेगळे ओळखता येतात व प्रत्येकाची दिशा स्वतंत्रपणे काढता येते.

अशी यंत्रणा हाताशी नसेल, तर आरसा उपयोगी पडतो. सपाट भिंतीवर ध्वनी प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतो. साहाय्यकाने भिंतीलगत आरसा सरकवत न्यावा. मायक्रोफोनच्या जागेवरून पाहताना आरशात भाषकाचा चेहरा जेथे दिसेल, तेथूनच पहिले परावर्तन येते. त्या ठिकाणी जाड गोधडी टांगावी. ज्येष्ठ भाषकाकडून तोच मजकूर पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून ही तयारी मुद्रणापूर्वीच करावी.

आपली प्रगती तपासा : दोन मायक्रोफोनमधील अंतर ३४ सेंटिमीटर असल्यास त्यांच्यापर्यंत ध्वनी पोहोचण्याच्या वेळेत जास्तीत जास्त किती फरक पडेल? तो कोणत्या दिशेने आलेल्या ध्वनीसाठी असेल?