प्रतिकृतीचा ताप आणि सांगाड्याचा पीळ

जुन्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृति करावयाची म्हणजे तिच्या गुणांबरोबर तिचे दोषहि पदरीं घेणें आलें. देवघरांतील समईची नक्कल करणारा कारागीर फार तर मूळचा वांकडेपणा उतरवील. परंतु ताशीं शंभर मैल धांवणाऱ्या मोटारीच्या नकलेंत उतरलेला दोष जिवावर बेततो. ए. सी. कोब्रा ह्या स्पोर्ट्स मोटारीच्या प्रतिकृति आज अनेक देशांत हौसेनें बांधल्या जातात. मूळच्या गाड्या १९६२ ते १९६७ ह्या काळांत सुमारे एक हजारच झाल्या. नकला त्याहून कितीतरी अधिक आहेत. त्या बांधणारांस दोन दुखणीं वारंवार भेटतात: इंजिन तापतें आणि सांगाडा पिळतो. दोहोंचीं कारणें शालेय पदार्थविज्ञानाच्या आवांक्यांतलीं असल्यामुळें घरांतील मुलांसह समजून घेण्याजोगीं आहेत.

इंग्लंडांत थेम्स डिटन येथील ए. सी. कारखान्यानें १९५३ सालीं ‘एस’ नांवाची हलकी मोटार काढली. जॉन टोजीरो ह्यांच्या आराखड्यावरून घेतलेला तिचा सांगाडा, म्हणजे चासी, शिडीसारखा होता: लांबीच्या दिशेनें तीन इंच व्यासाच्या दोन पोलादी नळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन होतें दोन लिटरचें. पुढें अमेरिकन शर्यतपटु कॅरोल शेल्बी ह्यांच्या पुढाकारानें १९६२ सालीं त्याच घाटाच्या गाडींत फोर्डचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसलें, प्रथम ४.२ लिटरचें, मग ४.७ लिटरचें आणि १९६५ सालीं ७ लिटरचें. इंजिन साडेतीन पट झालें. ह्या शेवटच्या अवताराकरितां मुख्य नळ्या तीनांऐवजीं चार इंची कराव्या लागल्या.

एका इंचानें असा काय फरक पडणार, असें कोणी विचारील. पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास वाढविला, तर पिळास विरोध करण्याची तिची ताठरता व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ३ चा घन २७ आणि ४ चा ६४; म्हणजे ताठरता सुमारे २.४ पट झाली, वजन मात्र १.३३ पटच. उलट व्यास तोच ठेवून पत्रा दुप्पट जाड केला, तर ताठरता दुप्पट आणि वजनहि दुप्पट. शहाणपण कोणत्या वाटेंत आहे, हें सांगावयास नको.

दुसरें तत्त्व घरींच पाहतां येईल. जाड कागदाची नळी करावी, कडा न चिकटवितां ती पिळून पाहावी. मग कडा खळीनें पक्क्या चिकटवून पुन्हां पिळावी. पहिली सहज वळते, दुसरी हट्टानें उभी राहते. तीन इंच व्यासाची आणि अष्टमांश इंच जाडीची पोलादी नळी लांबीनें चिरली, तर तिची पिळास विरोध करण्याची शक्ति सुमारे ४०० पटींनीं घटते. बंद नळीचें हें गणित जर्मन इंजिनिअर रुडोल्फ ब्रेड्ट ह्यांनीं १८९६ सालीं मांडलें. म्हणून सांगाड्यांतील उघड्या पन्हळी बंद पेटीसारख्या कराव्या, शिडीच्या चौकोनांत तिरपे दांडे घालून त्रिकोण साधावे. चौकोन कोपऱ्यांत वांकतो. त्रिकोणाची एखादी बाजू लांबल्याशिवाय वा आंखडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाहीं. सांगाडा ढिला राहिला तर तो स्वतःच पांचवी स्प्रिंग बनतो. वळणावर चाकांचे कोन बदलतात आणि गाडी चालकाचें ऐकेनाशी होते.

आतां तापाकडे वळूं. पेट्रोलच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश चाकांच्या कामीं येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली पाण्यास मिळते. म्हणजे ३०० अश्वशक्ति देणारें इंजिन जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरच्या माथीं मारतें. एक किलोवॅटच्या सुमारे दोनशें विजेच्या शेगड्याच म्हणा ना! ती बाहेर नेण्याचें काम अखेर वाऱ्याचें आहे.

येथें वैद्याप्रमाणें आधीं निदान हवें. गाडी उभी असतां तापते आणि धांवतांना निवते, तर पंख्याकडे आणि त्याच्याभोंवतींच्या आच्छादनाकडे पाहावें. वेगांत तापते, तर वारा रेडिएटरमधून न जातां बाजूनें निसटत असावा, किंवा पाण्याचें वहन अपुरें असावें. वारा नेहमीं सोपी वाट धरतो. म्हणून रेडिएटरभोंवतींच्या फटी पत्र्यानें आणि रबरानें बुजवाव्या. आंत आलेल्या वाऱ्यास बाहेर पडावयास वाटहि हवी. पुढील चाकांमागचीं छिद्रें केवळ शोभेचीं असतां कामा नयेत. पाण्याच्या मार्गांत हवा कोंडली असेल, तर तीहि सर्वांत उंच ठिकाणाहून काढून टाकावी.

रेडिएटरच्या दाबाच्या झांकणाविषयीं गैरसमज फार. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरप्रमाणें १५ पौंड दाबाखालीं पाणी सुमारे १२१ अंश सेंटिग्रेडला उकळतें. झांकण उकळी लांबवितें, उष्णता घालवीत नाहीं. म्हणूनच तापलेल्या गाडीचें झांकण कधींहि उघडूं नये; दाब सुटतांच पाण्याची वाफ अंगावर उसळते.

हीं दोन दुखणीं एकमेकांपासून वेगळीं धरणें मात्र चुकीचें. ताठरतेसाठीं रेडिएटरसमोर आडवे दांडे घातले तर वारा अडतो. इंजिनाखालीं सलग पत्रा जोडला तर उष्ण हवा कोंडते. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलापूर्वीं व नंतर मोजमाप घ्यावें. सांगाड्याची मागची बाजू पक्की आवळून पुढें ठराविक वजनानें पीळ द्यावा आणि किती अंश पीळ पडला तें पाहावें. तापमानहि त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें मोजावें. सांधे जोडण्याचें काम मात्र कसलेल्या वेल्डरकडेच द्यावें.

असे फेरफार केल्यानें प्रतिकृतीचें पावित्र्य भंगतें, असें कित्येक शौकिनांस वाटतें. त्यांनीं एवढेंच आठवावें कीं, इंजिन वाढतांच मूळच्या कारागिरांनींच आपल्या नळ्या तीन इंचांच्या चार इंची केल्या. पूर्वजांचीं मापें तेवढीं घ्यावयाचीं आणि त्यांचा विवेक टाकून द्यावयाचा, ह्यास परंपरा म्हणत नाहींत.