टिकलीची जात

'पंचतारांकित' हा शब्द ऐकून परगावच्या पाहुण्यांना हॉटेल आठवते. आमच्या मनात मात्र तो भट्ट्या, वाळूचे साचे आणि रात्रपाळी यांच्याशी जोडलेला आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आमची एक लहानशी फाउंड्री आहे. २०२१ च्या पावसाळ्यात तेथे उभ्या टेम्पोखाली एक पिल्लू भिजत बसलेले सापडले. अंग काळे, पाय तांबूस, छातीवर पांढरा ठिपका आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक तांबूस टिकली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी तिचे नाव 'टिकली' ठेवले आणि ती फाटकावरच वाढली.

२०२४ च्या मार्चअखेरीस आमच्याकडून माल घेणाऱ्या एका कंपनीचे तपासनीस कारखाना पाहावयास आले. साचे, वजनकाटा, नोंदवह्या सारे त्यांनी समाधानाने पाहिले. परतताना मात्र फाटकाशी थांबून ते म्हणाले, "हा रॉटवायलरचा क्रॉस दिसतो. या जातीवर आता बंदी आहे. पुढच्या भेटीपूर्वी कुत्रा येथून हलवा, नाही तर तो त्या जातीचा नसल्याचा दाखला फायलीला लावा."

त्यांच्या बोलण्याला आधार होता. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री आणि त्यांना पाळण्याचे परवाने रोखण्यास सांगितले होते. त्या यादीत रॉटवायलर होता आणि या जातींचे संकरही होते. आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी, असेही पत्रात होते. हाकलून द्यावे असे नव्हते. परंतु मोबाईलवरून पसरताना पत्रातील 'बंदी' हा एकच शब्द शिल्लक राहिला. आमच्याच रस्त्यावरील एका कारखान्याने आपला काळा कुत्रा त्याच आठवड्यात टेम्पोत घालून महामार्गापलीकडे सोडून दिला. तो परत आला नाही.

मीही हबकलो, हे कबूल केले पाहिजे. त्या कंपनीच्या मालावर चाळीस माणसांचे पगार अवलंबून होते. म्हटले, दाखला मिळत असेल तर मिळवावा. आणि मग टिकलीची जात शोधण्याचा आमचा उद्योग सुरू झाला.

वॉचमनचे मत आधीपासून ठरलेले होते. "मालक, ह्यात डॉबरमनचं रगत हाय बगा. डोळ्यावरचं ठिपकं बगा की." डॉबरमन त्या २३ जातींत नव्हता, म्हणजे तेच ठिपके डॉबरमनचे ठरले तर टिकली राहणार आणि रॉटवायलरचे ठरले तर जाणार! निपाणीकडून येणाऱ्या ट्रकचालकाला तिच्या लांब पायांत आणि आत गेलेल्या पोटात कारवानी कुत्रा दिसला. पुतण्याने मोबाईलवर छायाचित्र काढून विचारले, तर समोरून घेतलेल्या चित्राला एक जात मिळाली आणि बाजूने घेतलेल्याला दुसरीच. हुपरीत चांदीचा व्यवसाय करणारे माझे मेहुणे आले होते, त्यांनी एका वाक्यात निकाल दिला : "दाजी, गावठी आहे. टंच पन्नासच्या खाली."

घरी आईला सर्व हकिगत सांगितली. तिने एवढेच विचारले, "ती चावली का रे कुणाला?"

चावली नव्हती. पण हे दाखल्यात कोण लिहिणार?

नेहमी लस टोचावयास येणाऱ्या पशुवैद्यांना मी गाठले. आम्ही ओतकाम करणारी माणसे. भट्टीतल्या रसाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला की कार्बन किती, सिलिकॉन किती, हे काही क्षणांत कागदावर येते. तसेच काहीसे माझ्या मनात होते. इतके टक्के हे, इतके टक्के ते. डॉक्टर हसले. "अण्णा, धातू वितळतो, म्हणून कुठूनही नमुना घ्या, प्रमाण तेच येतं. रक्ताची गोष्ट तशी नाही. ते कडधान्याच्या गोणीसारखं असतं. मूग मूगच राहतो, मटकी मटकीच. पिल्लाच्या वाट्याला कोणती मूठ आली, हे बाहेरून कळत नाही."

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक बापाकडून येते. पणजोबांपैकी एखादा खरोखर डॉबरमन असला, तरी त्याचा वाटा सरासरी आठवा भाग. त्या आठव्या भागात रंगाचा दाणा आला तर पिल्लू हुबेहूब 'डॉबरमन' दिसेल आणि नाही आला तर पणजोबांची खूणही दिसणार नाही. शिवाय ज्यांवरून आपण जात ओळखतो ती लक्षणे फार थोड्या जनुकांच्या हातात असतात. केस आखूड की लांब, सरळ की कुरळे, तोंडावर दाढी-मिशा आहेत की नाहीत, हे बव्हंशी तीन जनुकांवर ठरते, असे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले. कुत्र्याची एकूण जनुके सुमारे वीस हजार. वीस हजार पानांच्या चोपडीतील तीन पाने वाचून आपण पेढीचा ताळेबंद सांगू पाहतो.

अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोन शुद्ध जातींचा संकर करून पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्या. १९६५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील पिल्लांची चित्रे पाहून आई-बापांची नावे सांगणे भल्याभल्यांना जमणार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात कुत्र्यांशी संबंधित व्यवसायातील नऊशेहून अधिक लोकांना २० संकरित कुत्र्यांची चित्रफीत दाखवून त्यांचे अंदाज डीएनए चाचणीशी ताडून पाहण्यात आले. २० पैकी १४ कुत्र्यांच्या बाबतीत निम्म्याहूनही कमी लोकांचा अंदाज जुळला. आमचा वॉचमन बिचारा एकटाच चुकला नव्हता.

मग काहीच सांगता येत नाही का? थोडे येते. आखूड, वाकडे पाय आणि लांब अंग असलेला कुत्रा गल्लीत दिसला, तर त्याच्या पूर्वजांत डॅशहुंडसारखे कोणी होते असे बरेच खात्रीने म्हणता येईल. कारण हा ठेंगणेपणा एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे येतो आणि एका बाजूने आला तरी दिसतो. लांब केसांचे उलट आहे. ते दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय प्रकटत नाहीत. म्हणून पॉमेरेनियनची पिल्ले आखूड केसांची निघतात आणि नातवंडांत एखादे झुबकेदार शेपटीचे जन्मते. छातीवरचा पांढरा ठिपका मात्र काहीच सांगत नाही. गर्भात रंगपेशी पाठीकडून खाली पसरत जातात. छाती, पंजे, शेपटीचे टोक येथे त्या सर्वांत शेवटी पोहोचतात आणि कमी पडल्या तर ती जागा पांढरी राहते. तो कोणत्याही कुत्र्याला असू शकतो.

आणि डोळ्यांवरच्या टिकल्या? येथे डॉक्टरांनी मला खरोखरच थक्क केले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांना 'चतुरक्ष', म्हणजे चार डोळ्यांचे, म्हटले आहे. हे वरचे दोन डोळे म्हणजे भुवयांवरचे ठिपकेच, असे अनेक अभ्यासक मानतात. पारशी समाजात मृताला कुत्रा दाखविण्याचा 'सगदीद' हा विधी आहे. त्यातही असाच चार डोळ्यांचा कुत्रा श्रेष्ठ मानला जाई. डॉबरमन ही जात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. जर्मनीतील अपोल्डा गावच्या कार्ल फ्रीड्रिख लुई डोबरमान या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने आपल्या संरक्षणासाठी ती तयार केली. १८९४ मध्ये तो वारला. कोणते कुत्रे मिसळले याची वही त्याने ठेवली नाही. जर्मन पिंशर होता, रॉटवायलर असावा, असे आजही अंदाजच बांधले जातात. ज्याच्या नावाने आपण टिकलीची जात सांगत होतो, त्याचीच जात अंदाजाची! टिकल्या डॉबरमनकडून रस्त्यावर आल्या नाहीत, त्या रस्त्यावरून त्याच्याकडे गेल्या.

म्हणजे प्रश्नच उलटा होता. लंडनचे केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाले आणि आजच्या बहुतेक विलायती जातींची वंशावळ त्याच सुमारास कागदावर बंदिस्त होऊ लागली. गावकुत्री त्यापूर्वी हजारो वर्षे माणसाच्या उंबऱ्याशी होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३८ देशांतील गावकुत्र्यांचे डीएनए तपासले, तेव्हा काही प्रदेशांतील कुत्री जवळजवळ पूर्णपणे युरोपीय वंशाची निघाली. भारतातील कुत्र्यांत मात्र युरोपीय मिश्रण अगदी थोडे आढळले. आपण ज्याला 'मिक्स' म्हणतो ते पुष्कळदा मिश्रण नसून मूळ भांडवल असते. परदेशी प्रयोगशाळेच्या संग्रहात गावठी कुत्र्यांचे नमुने नसतील, तर तेथील यंत्र त्यातल्या त्यात जवळची विलायती नावे टक्क्यांसह छापून मोकळे होते, हेही डॉक्टरांनी सांगितले. त्यामुळे चाचणीचा माझा विचार तेथेच संपला.

ट्रकचालकाचा अंदाज मला त्यातल्या त्यात आवडला होता, कारण तो आपल्या मातीतला होता. कारवानी किंवा पश्मी कुत्रा आपल्या भागात शर्यतींमुळे सर्वांच्या ओळखीचा. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याची पैदास जोपासली, त्यांतील जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले; २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघाले. मुधोळ कागलहून एका दिवसात जाऊन येण्याएवढे. टिकलीत तो अंश असेलही. पण रोज भाकरी आणि उंदरांवर जगणाऱ्या तरुण कुत्रीचे पोट आत गेलेले असणार, त्यासाठी राजघराण्यापर्यंत जाण्याची गरज नाही.

शेवटी मी मूळ मुद्द्यावर आलो. "डॉक्टर, ती रॉटवायलर नाही, एवढं लिहून द्या." त्यांनी साफ नकार दिला. "आहे म्हणून लिहिणाराही अंदाजानंच लिहील आणि नाही म्हणून लिहिणारा मीही अंदाजानंच लिहीन. रेबीजची लस केव्हा दिली, नसबंदी केव्हा झाली आणि तपासताना ती कशी वागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढं लिहितो." स्वभावाविषयी ते म्हणाले ते असे : २०२२ मध्ये अमेरिकेत दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे डीएनए आणि अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी मालकांनी दिलेली माहिती अभ्यासली, तेव्हा स्वभावातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता आला. उरलेल्यासाठी तो कुत्राच पाहावा लागतो.

त्यांनी दिलेल्या कार्डावर 'जात' या रकान्यात 'नॉन-डिस्क्रिप्ट' असे लिहिले आहे. आपल्या पशुवैद्यकातला हा नेहमीचा शब्द. वर्णन करता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मी ते कार्ड आणि त्यासोबत गेल्या तीन वर्षांत कोणालाही दुखापत न झाल्याचे कारखान्याचे पत्र फायलीला लावले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्राचे ते पत्र रद्द ठरविले. तपासनीस पुन्हा आले, तेव्हा त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिले, लसीची तारीख आपल्या वहीत उतरवून घेतली आणि पुढच्या कागदाकडे वळले. टिकली त्या वेळी वजनकाट्याच्या सावलीत झोपलेली होती.

नसबंदीपूर्वी, २०२३ मध्ये, तिला चार पिल्ले झाली होती. एक पिवळे, एक पांढरे, एक आईसारखे टिकल्यांचे आणि एक पट्ट्यापट्ट्यांचे. एका वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे तेव्हा ठाऊक नसल्याने फाटकावर बरेच तर्क झाले होते. त्यातले पांढरे मेहुणे हुपरीला घेऊन गेले. परवा त्यांचा फोन आला. "दाजी, ह्याचे कान खाली पडायला लागलेत. बापाकडून लॅब्राडोर असणार!"